‘बदलून बघू’ म्हणजे निदान नव्हे

शीर्षक वाचून कुणाला राग आला असेल तर येऊ दे. बरेच दिवस हे डोक्यात घोळत होतं, आज शनिवार आहे, घरात शांतता आहे, तर लिहूनच टाकतो.

माझ्या धंद्यात सगळ्यात निरुपयोगी तक्रार कोणती, तर ‘चालत नाहीये’. काय चालत नाहीये? कधीपासून? काय केल्यावर? पडद्यावर काय दिसतं? यातलं काहीच नाही. नुसतं ‘चालत नाहीये, लवकर बघा’. अशी तक्रार आली की नवखा पोरगा लगेच कोडमध्ये हात घालतो आणि चार ठिकाणी काहीबाही बदलतो. जुना माणूस आधी प्रश्न विचारतो. दोघांच्या पगारात जो फरक असतो तो त्या प्रश्नांचा असतो.

आता हीच तक्रार गाडीच्या बाबतीत ऐका. ‘गाडी चालू होत नाहीये.’ आणि गॅरेजपासून पारावरच्या मंडळींपर्यंत सगळीकडून एकच उत्तर येतं, ‘बॅटरी गेली असेल, बदलून बघू.’ बॅटरी बदलूनही भागलं नाही तर ‘सेल्फ बदलून बघू.’ मग ‘किल्लीचा स्विच बदलून बघू.’ या सगळ्या ‘बघू’चे पैसे कोण देतं? गाडीचा मालक. आणि बघतं कोण? खरं तर कुणीच नाही! माझं म्हणणं एवढंच आहे की हे निदान नाही, हा जुगार आहे. फरक इतकाच की यात पत्ते दुसरा पिसतो आणि पैसे आपण लावतो.

नमुन्यादाखल एक प्रकरण सांगतो. आमचं गाव राजुरी. आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे जायला लागलं की लागतं ते. माझ्या चुलत भावाकडे एक छोटी डिझेल पिकअप आहे. टोमॅटोच्या दिवसांत ती रोज माल भरून नारायणगावच्या मार्केटला जाते. वीस-वीस किलोचे क्रेट. तिथं वेळेला किंमत असते, उशिरा पोचलेल्या मालाला भाव कोण देतो?

एके दिवशी पहाटे गाडी भरलेली, आणि किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. शेजारच्यांनी निर्णय दिला, बॅटरी गेली. त्या दिवशी माल दुसऱ्याच्या गाडीत चढवून पाठवला, भाडं गेलं, भावही गेला. दुपारी नवीन बॅटरी आली. गाडी लगेच चालू. सगळे खूश. दोन दिवसांनी पुन्हा ‘टक्’. मग एका गॅरेजमध्ये (नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही, कारण दहातली आठ तशीच असतात) सेल्फ उतरवून भरून घेतला. गाडी चालू. चार दिवसांनी पुन्हा तेच. आता बोलणं किल्लीच्या स्विचवर आलं होतं.

त्याचा फोन आला, “दादा, नऊ-साडेनऊ हजार गेले, अन् गाडी सेल्फ उचलंना. काय करू?”

मी म्हणलं, “अरे, हेडलाइट लाव आणि कुणाला तरी समोर उभं कर. किल्ली फिरव. लाइट मंद होतो का तेवढं सांग.”

“नाही ना! लाइट लख्ख आहे. सेल्फ मारला तरी फारसा फरक पडत नाही.”

झालं. अर्धं उत्तर इथंच मिळालं होतं. बॅटरी खरोखर मेलेली असती तर सेल्फ मारताक्षणी लाइट डोळे मिटल्यासारखा बसला असता. इथं बॅटरी ठणठणीत होती, पण सेल्फपर्यंत करंट पोचतच नव्हता. म्हणजे वाटेत कुठंतरी अडलं होतं. त्याला म्हणलं, फाट्यावर वायरिंगचं काम करणारे जे म्हातारे मिस्त्री आहेत त्यांना बोलव, आणि काही बदलू नका म्हणून सांग. मिस्त्री आले. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावली आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं होतं, तिथं चार व्होल्टच्या वर आकडा आला. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी असते, तिचा बोल्ट गंजून आतून पांढरा पडला होता. बोल्ट सोडला, पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला. गाडी एका झटक्यात चालू झाली, ती आजतागायत चालू होतेय.

आता या गोष्टीत मला राग कशाचा येतो? गंजलेल्या बोल्टचा नाही. धूळ, पावसाळा, शेतातले रस्ते, बोल्ट गंजणारच. राग याचा येतो की गाडी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं. आमच्या शेजारी आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्या तोंडून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले असं आपण मानतो. रेडा बोलला यावर आपला विश्वास बसतो, पण गाडी बोलते यावर बसत नाही!

गाडी बोलते म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो. (ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडले तरी चालेल.)

‘चालू होत नाही’ हा एक बिघाड नाही, किमान तीन वेगवेगळे बिघाड आहेत. पहिला, किल्ली फिरवली की काहीच होत नाही किंवा नुसता ‘टक्’ आवाज येतो. दुसरा, ‘टक्टक्टक्’ असा भराभर आवाज येतो किंवा इंजिन रडतखडत अर्धा फेरा घेतं. तिसरा, सेल्फ छान फिरतो पण इंजिन पकडत नाही. या तिघांची कारणं वेगळी आहेत, आणि फक्त कान उघडे ठेवले तर पहिल्या पाच सेकंदांत दोन तृतीयांश शक्यता बाद होतात. सेल्फ जोरात फिरतोय तरीही ‘बॅटरी बदलून बघू’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. नाकातून रक्त येतंय म्हणून पायाला प्लास्टर घालण्यातला प्रकार आहे हा.

भराभर ‘टक्टक्’ होत असेल तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर. इथंही बदलण्याआधी मोजता येतं. दोन-चारशे रुपयांचा साधा मीटर पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी. पण रिकामी म्हणजे मेलेली नव्हे! रात्रभर आतला दिवा राहिला असेल, अल्टरनेटर चार्ज करत नसेल, तरी ती रिकामीच दिसणार. म्हणून दुसरं माप घ्यायचं, सेल्फ मारताना. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर तिच्यात दम उरलेला नाही, खुशाल बदला. आणि तिसरं, गाडी चालू असताना. पावणेचौदा ते साडेचौदाच्या आसपास व्होल्ट यायला हवेत. बारा-साडेबाराच येत असतील तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायर बघा. अशा वेळी नवीन बॅटरी घातली तर तीही दोन दिवसांत झोपणार, आणि दुकानदार म्हणणार, ‘पीस खराब निघाला.’ (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं हा आकडा थोडा हलतो, एवढं लक्षात ठेवा.)

नुसता एक ‘टक्’ आणि दिवे लख्ख, हे आमच्या पिकअपचं लक्षण. इथं शाळेतला ओहमचा नियम आठवा. सेल्फ फिरताना दीडशे अँपियरच्या घरात करंट घेतो, डिझेलला त्याहून जास्त. वाटेतल्या एखाद्या गंजक्या जोडात फक्त ०.०२ ओहम अडथळा असला, तरी दीडशे गुणिले ०.०२, म्हणजे तीन व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. बाराचे उरले नऊ. अडथळा जरा वाढला की सेल्फ बसलाच. त्याच अडथळ्यातून पाच अँपियरचा दिवा लावला तर जातो ०.१ व्होल्ट, डोळ्याला कळणारही नाही. म्हणून दिवे लागतात, हॉर्न दणदणीत वाजतो आणि सेल्फ तेवढा मुका राहतो. ही जादू नाही, सातवी-आठवीचा गुणाकार आहे. आणि मीटर नसला तरी एक खूण आहे. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर जो जोड चटका बसेल इतका गरम होतो, तोच गुन्हेगार. तीन व्होल्ट गुणिले दीडशे अँपियर म्हणजे साडेचारशे वॅट त्या एका बोल्टमध्ये जळत असतात.

तिसरा प्रकार, सेल्फ फिरतो पण पकडत नाही. इथं बॅटरीचा विषय संपला, आता इंधन किंवा ठिणगी. पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ केली की बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंद घरघर ऐकू येते. ऐकू आली नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंप. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली लावून बघा. डिझेलमध्ये फिल्टर बदलल्यावर हवा धरली असेल. थंडीत हीटर प्लग तापत नसतील. आणि आपल्या उसाच्या पट्ट्यात सगळ्यात आधी बॉनेट उघडून बघा, उंदरांनी वायर खाल्ली का! चार-पाच दिवस उभी असलेली गाडी अचानक रुसली तर पहिला संशय उंदरावर घ्यावा, हे कुठल्याही पुस्तकात नाही पण जुन्नर तालुक्यात खरं आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते येणारच.

पहिला आक्षेप, ‘अहो, पण बॅटरी बदलल्यावर गाडी चालू झाली होती ना? मग बॅटरीच गेली असणार!’ नाही. आणि या सगळ्या धंद्याचा पाया हाच गैरसमज आहे. भाग बदलताना नुसता भाग बदलत नाही, आजूबाजूचं सगळं हलतं. बॅटरी काढताना टर्मिनल घासलं जातं, वायर वाकते. सेल्फ काढून बसवताना त्याचे बोल्ट पुन्हा घट्ट होतात, आणि सेल्फचं अर्थिंग त्या बोल्टांतूनच होतं. गंजलेला जोड जरा हलला की दोन-चार दिवस बरा वागतो. श्रेय मिळतं नव्या भागाला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला उत्तर ठरलेलं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि फरक पडला असं वाटलं तर जुनं परत लावून बिघाड परत येतो का ते बघा. परत आला तरच कारण सापडलं. भाग बदलून बघणं ही अजिबात वाईट चाचणी नाही, पण जुना भाग पुन्हा लावून बघायची तयारी असेल तरच ती चाचणी. नाहीतर ती विक्री!

दुसरा आक्षेप, ‘आताच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, फाट्यावरच्या मिस्त्रीला काय कळणार? तिथं स्कॅनरच लागतो.’ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, गाड्यांतले सेन्सर वाढले, हे खरं आहे. पण स्कॅनर काय सांगतो ते तरी नीट वाचा. समजा पी०३३५ हा कोड आला. त्याचा अर्थ क्रँकशाफ्टच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये, सेन्सरमध्ये नव्हे! सर्किटमध्ये सेन्सर येतो, वायर येते, कनेक्टर येतो आणि तो उंदीरही येतो. कोड म्हणजे गुन्हा कुठल्या गल्लीत झाला त्याचा पत्ता, गुन्हेगाराचं नाव नाही. पण कोड वाचून थेट सेन्सरची ऑर्डर देणारा माणूस ‘कॉम्प्युटरनेच सांगितलं’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. हा तोच जुना ‘बदलून बघू’, फक्त आता त्याच्या हातात टॅब्लेट आला आहे.

आणि मिस्त्रीला कळत नाही म्हणता, तर त्याला कळू कोण देत नाही, हेही विचारा ना. स्पेअर पार्ट, निदानाची यंत्रं आणि दुरुस्तीची माहिती कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, अशी तक्रार २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. देशी, जपानी, जर्मन, अमेरिकी, सगळे त्या यादीत होते. आयोगाने हेही सांगितलं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण अपिलात गेलं, दंडाच्या रकमेवर खल झाला, ते सगळं ठीक. पण वॉरंटीबद्दलचं ते वाक्य तुमच्यापैकी किती जणांना कुणी काउंटरवर सांगितलं? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ सालीच गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला. आपल्याकडे केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. पोर्टल चांगलंच आहे. पण सक्तीचा कायदा आणि पोर्टल यात तेवढाच फरक आहे जेवढा पंचायतीच्या ठरावात आणि नळाला आलेल्या पाण्यात.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे, आणि तो मेकॅनिक लोकांचा आहे. ‘साहेब, तासभर शोधाशोध केली तर त्याचे पैसे कोण देतं? पार्ट बदलला की गिऱ्हाईक गुमान पैसे काढून देतं.’

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते खरं बोलतायत. त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोनशे रुपये मागितले तेव्हा काय झालं माहितीये? जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “पाच मिन्टांचे दोनशे? एक बोल्ट तर घासला!” त्याच मंडळींनी आठवड्यापूर्वी बॅटरीचे साडेसहा हजार जाताना ‘हूं’ केलं नव्हतं. का? कारण बॅटरी डोळ्याला दिसते, हातात जड लागते, खोक्यात येते. विचार दिसत नाही, त्याला वजन नाही, त्याची पावती नाही. आपण समाज म्हणून वस्तूचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. मग अक्कल वापरणारा माणूस एक तर उपाशी राहतो किंवा वस्तू विकायला लागतो. आणि नंतर आपणच म्हणतो, ‘आजकाल चांगले मेकॅनिक राहिले नाहीत.’ कसे राहतील? आयटीआयमध्ये दोन वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून आलेल्या पोराला पहिल्याच महिन्यात कळतं की मीटर लावण्यापेक्षा खोकं उघडण्यात पैसा आहे. त्याचा मीटर कायमचा ड्रॉवरमध्ये जातो.

कुणी म्हणेल, एका पिकअपसाठी एवढं काय आकांडतांडव? तर ऐका. शहरात गाडी चालू झाली नाही तर माणूस रिक्षा बोलावतो आणि वैतागतो. राजुरीसारख्या गावाच्या मळ्यातल्या वस्तीवर रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत कळ आली, तर दारातली ती एक गाडी हीच अँब्युलन्स असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, उसात बिबट्या, आणि किल्ली फिरवल्यावर ‘टक्’. तेव्हा गाडीत नवी कोरी बॅटरी आहे याचा काय उपयोग, जर मूळ दोष कुणी शोधलाच नसेल? ‘बदलून बघू’ने पैसे जातात हा छोटा तोटा आहे. मोठा तोटा हा की दोष तसाच राहतो आणि आपल्याला वाटतं, काम झालं.

खोडदला जीएमआरटीच्या तीस अँटेना उभ्या आहेत, आमच्या गावापासून काही लांब नाहीत. त्यातली एक गप्प झाली तर कुणी तीसच्या तीस बदलून बघत नाही. सिग्नल कुठपर्यंत येतोय आणि कुठं थांबतोय ते शोधतात. तीच रीत, तीच अक्कल, आणि ती फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्येही आहे. फक्त तिथं तिला कुणी भाव देत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. कुणी भाग बदला म्हणालं तर एकच प्रश्न विचारा, ‘कुठल्या मापावरून म्हणताय?’ माप नसेल तर थांबा. बदललाच तर जुना भाग मागून घ्या, तो तुमचा आहे. ज्याने काही न बदलता गाडी चालू करून दिली त्याला जास्त पैसे द्या, कमी नाही, आणि चार लोकांत त्याचं नाव घ्या. गॅरेजवाल्यांनी ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ बिलात लिहावी आणि ताठ मानेनं पैसे घ्यावेत. आणि कंपन्यांनी वायरिंगचे नकाशे आणि कोडचे अर्थ मराठीतून, वाजवी किमतीत, मागेल त्या मेकॅनिकला द्यावेत. गाडी आम्ही विकत घेतली आहे, तिचं दुखणं भाड्याने घेतलेलं नाही.

बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन हात वायर, एवढ्यात टेस्ट लॅम्प तयार होतो. खर्च पन्नास रुपयांच्या आत. उद्या रविवार आहे, करून डॅशबोर्डच्या खणात टाका. पुढच्या वेळी कुणी ‘बदलून बघू’ म्हणालं, की तो काढून त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘आधी बघू, मग बदलू.’